बघण्यापुरती परवानगी

मोबाईलवर कुठलंही नवं ॲप टाकलं की ते आधी काहीतरी विचारतं. फोटो बघू का, नंबर बघू का, तुम्ही कुठं आहात ते बघू का. सगळे करतात तेच मीही करतो, न वाचता अंगठा टेकवतो. पण टेकवायच्या आत कानाशी एक आवाज येतो, "थांब गा सतीश. काय विचारून राहिलं ते मोठ्यानं वाच आधी." हा आवाज गजभिये मॅडमचा. त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली आणि या एका वाक्यानं मला कितीदा वैताग आणला ते माझं मला ठाऊक.

आमचं ऑफिस प्रताप नगरात, एका औषधाच्या दुकानाच्या डोक्यावर. शेतातल्या विहिरीवर मोटारीच्या स्टार्टरजवळ एक डबा लावायचा आणि शेतकऱ्याला घरबसल्या मोबाईलवरून मोटर चालू-बंद करता येईल अशी सोय करायची, हा आमचा धंदा. डबा दुसरी एक कंपनी बनवायची. त्या डब्याशी बोलणारा प्रोग्राम आम्ही लिहायचो, म्हणजे गजभिये मॅडम लिहायच्या. मी शेतकऱ्यांना तो वापरायला शिकवायचो आणि मग त्यांच्या तक्रारी ऐकायचो. आमचे मालक अभिजित सर ही दोन्ही कामं सोडून बाकी सगळं करायचे, आणि त्यात मुख्यतः घाई करायचे.

मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या. ठेंगण्या, आवाज मात्र वरच्या पट्टीतला. चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि तो डोळ्यांवर असला तरी हात दोरीवर. उन्हाळ्यात मोपेडवरून यायच्या तेव्हा ओढणी अशी गुंडाळलेली असायची की जिन्यात समोरून कोण येतंय ते कळायचंच नाही. आवाज आला की कळायचं. "बाप्पा, काय तपून राहिलं!" म्हणत त्या वर यायच्या, माठातलं पाणी प्यायच्या आणि मग ओढणीचे वेढे सोडत पंधरा मिनिटं नुसत्या पंख्याखाली बसायच्या. त्या पंधरा मिनिटांत खुद्द मालकांनीही त्यांना काही विचारलेलं चालायचं नाही.

त्यांचं बालपण कोराडीच्या वसाहतीत गेलं. वडील वीजकेंद्रात होते, स्विचयार्डात, म्हणजे तयार झालेली वीज जिथून बाहेरच्या तारांवर सोडतात तिथं. आजोबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली त्या वेळी वडील त्यांचं बोट धरून होते, आणि त्या बोट धरलेल्या पोरानं पुढे शिकून वीज हाताळायची नोकरी मिळवली याचा घरात मोठा अभिमान. मॅडम वडिलांचं नाव क्वचितच घ्यायच्या, पण "आमच्या बाबाचं परमिट" हे शब्द दिवसातून एकदा तरी यायचे.

परमिट म्हणजे असं. वीजवाहक तारेवर कुणी काम करायला चढायचं असेल तर आधी त्या लाइनचं बटण बंद करतात, त्यावर लाल पाटी लटकवतात आणि चढणाऱ्याला एक परवाना देतात. फोनवर हुकूम आला तर ऐकणाऱ्यानं तो शब्दन् शब्द पुन्हा म्हणून दाखवायचा. पाटी ज्यानं लटकवली त्यानंच काढायची, मग साहेब आला तरी. आणि परवाना त्या पाळीपुरता. पाळी बदलली की परवाना संपला, नव्या पाळीनं नवा घ्यायचा. मॅडम हे सांगायला लागल्या की त्यांचा हात आपोआप चष्म्याच्या दोरीवरून सुटायचा आणि हवेत पाटी लटकवायचा.

बाबांनी हा कायदा घरातही आणला होता. आई मिक्सरचं भांडं धुवायला काढायची तर मिक्सरच्या बटणावर पाटी. "माही माय म्हणे, बाई, ह्या माणसाच्या घरात चटनी वाटायलेबी परमिट लागते!" हे सांगून मॅडम स्वतःच खळखळून हसायच्या. मग हसणं थांबवून म्हणायच्या, "पन आमच्या घरी कोनाचं बोट नाही गेलं कधी."

तोच कायदा त्यांनी आमच्या ऑफिसात चालवला. त्या सर्व्हरवर काही काम करत असल्या की मशीनला पुठ्ठ्याची लाल पाटी टांगलेली असायची. एका वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मॅडम सुट्टीवर होत्या. बाहेरगावाहून दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांसाठी त्यांचं सगळं घर रस्त्यावर पाणी वाटायला उभं राहायचं, ती सुट्टी काही केल्या चुकायची नाही. पण जाताना पाटी काढायची राहिली. इकडे अभिजित सरांना सर्व्हर बंद करून चालू करायचा होता. ते पाटीकडे बघत दोनदा मशीनपर्यंत गेले आणि दोनदा परत आले. शेवटी मला म्हणाले, "सतीश, जा बाबा, घेऊन ये त्यांना." मी गर्दीतून स्कूटर ढकलत गेलो. मॅडम पदर खोचून, कोपरापर्यंत ओल्या, पिंपातून पेले भरत होत्या. मी सांगितलं तशी कपाळावर हात मारला. "चुकलं बावा माहं." तशाच ओल्या हातांनी माझ्या मागे बसल्या, आल्या, पाटी काढली, सरांना म्हणाल्या, "आता करा," आणि पुन्हा पाणी वाटायला गेल्या. मालक स्वतःच्या ऑफिसात पाटीला घाबरून बसतो यावर आम्ही पुढे कितीतरी दिवस हसलो. सरही हसले.

देवरावजी निंभोरकर हे नाव मॅडमच्या आयुष्यात माझ्यामुळेच आलं. नरखेड तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग. माणूस शांत, सत्तरीचा, बोलताना टोपी काढून गुडघ्यावर ठेवणारा. डबा लावायला मी गेलो तेव्हा त्यांनी असे काही प्रश्न विचारले की मी फोन करून मॅडमना बोलावून घेतलं. त्या दुसऱ्याच दिवशी एसटीनं हजर.

प्रश्न ताणाचा होता. संत्र्याच्या झाडाचं पाणी थंडीत तोडतात. झाड मलूल होतं, पानं गळतात, बघवत नाही. मग योग्य वेळी पाणी सोडलं की त्या उपाशी ठेवलेल्या झाडाला अंगभर फूल येतं. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. ताण पुरा व्हायच्या आत मुळाशी पाणी गेलं की झाड फुलायचं सोडून पालवी काढतं. त्या पालवीला तिकडे नवती म्हणतात. बाग हिरवीगार दिसते, आणि त्या बहराचं संत्रं गेलेलं असतं. म्हणून ताणाच्या दिवसांत तिकडचे लोक मोटारीचा फ्यूजच काढून घरी नेऊन ठेवतात. कुणाच्या हातून चुकूनही मोटर चालू व्हायला नको.

देवरावजी म्हणाले, "ताई, बाग तानावर सोडली का मी फ्यूज काढून खुंटीले टांगतो. माह्या बापापासून असंच हाय."

"काकाजी, फ्यूज काढला तं डब्बा मुका होते," मॅडम म्हणाल्या. "मंग मले नागपूरवरून काहीच नाही दिसत. मांगच्या साली तुमची केबल चोरीले गेली ना? तानातच गेली ना?"

"तानातच गेली. तवा कोन फिरकते बागेत."

"मंग? लाइन राहू द्या चालू. केबलले कोनी हात लावला का मले तिकडं दिसते, मी तुमाले फोन करते."

"पन मोटर चालू झाली तं?"

"तुमच्या बोटाशिवाय नाही होत."

देवरावजींनी टोपी गुडघ्यावर फिरवली. "तुम्ही सांगता?"

"मी सांगून राहिले."

"मंग ठीक हाय," देवरावजी म्हणाले, आणि विषय संपला. मॅडमनी डबा स्वतःच्या हातानं भिंतीला लावला. मी स्क्रू धरून उभा होतो. आजूबाजूच्या बागांतल्या लोकांनीही डबे घेतले, पण ताणाला फ्यूज काढायचं काही सोडलं नाही. ते म्हणाले, डबा चांगला आहे, मॅडमही चांगल्या आहेत, पण फ्यूज खिशात असलेला बरा. नागपूरला परतताना मॅडम जरा फुशारल्या होत्या. एकानं तरी ऐकलं म्हणत होत्या.

पहिली काही वर्षं त्यांचा शब्द शब्दासारखाच राहिला. एकदा केबल चोरायला आलेले लोक त्यांच्या एका फोनमुळे पळाले. तेव्हापासून देवरावजींकडून दर बहराला संत्र्यांची पेटी यायची. मॅडम ती ऑफिसात वाटायच्या आणि प्रत्येकाला सांगायच्या, "निंभोरकर काकाजीची हाय, बिया टेबलावर नका थुकू."

मग आमच्याकडे तो नवा मदतनीस आला. आम्ही ज्यात प्रोग्राम लिहितो त्याला एडिटर म्हणतात. त्या एडिटरमध्येच आता एआय बसलं होतं. त्याला साध्या भाषेत काम सांगायचं, ते प्रोग्राम लिहून देणार. मला वाटलं मॅडम नाक मुरडतील. उलट त्या रमल्या. त्याला त्यांनी 'पाहुणा' नाव दिलं. "पाहुना काय म्हनून राहिला पाहा," असं म्हणून मला बोलवायच्या, त्यानं लिहिलेलं दाखवायच्या, चूक सापडली की पोराचं गणित तपासावं तशा खुशीत यायच्या. काम खरंच भराभर व्हायला लागलं होतं.

पाहुण्याची अडचण एकच. त्याला आमचा लिहिलेला प्रोग्राम दिसायचा, पण शेतातल्या मोटारी दिसायच्या नाहीत. त्या दिसाव्यात म्हणून बाहेरचा टूल सर्व्हर जोडावा लागतो. आमच्या बाबतीत तो डबा बनवणाऱ्या कंपनीचा होता, त्यांच्याकडेच चालणारा. टूल सर्व्हर म्हणजे अवजारांची पेटी समजा. त्यातलं एक अवजार मोटारींची स्थिती बघून सांगणारं, एक नोंदी बदलणारं, एक मोटर चालू करणारं. पेटी एडिटरला जोडली की पाहुण्याला डोळे मिळतात, आणि आपण दिले तर हातही मिळतात.

अभिजित सरांना हे कालच व्हायला हवं होतं. एक मोठं गिऱ्हाईक बघायला येणार होतं. मॅडमनी आठवडाभर हो-नाही केलं.

"सर, पेटी आपली नाही," त्या म्हणाल्या. "तिच्यात उद्या काय टाकतील, आपल्याले काय मालूम?"

"अहो मॅडम, सगळं जग जोडून राहिलंय."

"जगानं निंभोरकरले शब्द नाही दिला."

शेवटी त्यांनी आपल्या पद्धतीनं तोड काढली. पेटी जोडली, पण मोटर चालू करणारं आणि नोंदी बदलणारं ही दोन्ही अवजारं बंद करून टाकली. उरलं ते फक्त बघणारं. शिवाय ते वापरण्याआधी पाहुण्यानं दर वेळी विचारायचं. तो विचारायचा, पडद्यावर चौकट यायची: अमुक अवजार वापरू का? खाली तीन बटणं. एकदा परवानगी, नेहमीसाठी परवानगी, नकार. मॅडम चौकटीतला मजकूर मोठ्यानं वाचायच्या, मग स्वतःशीच "दे" म्हणायच्या आणि 'एकदा'वर टिचकी मारायच्या. रोज सकाळी, पुन्हा दुपारी, दर वेळी वाचन. मी कानात बोटं घालायचो. गिऱ्हाईक आलं त्या दिवशीही त्यांनी त्या लोकांसमोर खड्या आवाजात वाचून दाखवलं आणि अभिजित सर खिडकीबाहेर बघत राहिले.

ते गिऱ्हाईक गेल्यावर सर मॅडमच्या टेबलाशी आले. रागावले नाहीत. थकल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही मोटर चालू करायला नाही म्हणाल्या, मी मानलं. पण हे नुसतं बघणं आहे. बघण्यानं काय बिघडतं?"

मॅडम पडद्याकडे बघत बसल्या. सरांचं म्हणणं पटण्यासारखंच होतं. नुसतं बघण्यानं काय बिघडणार? दुसऱ्या दिवशी सकाळी चौकट आली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, आणि "दे" म्हणून 'नेहमीसाठी'वर टिचकी मारली. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घे. आता तुह्या कानाले आराम." मी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून रोज सकाळी पाहुणा आपणहून मोटारींची यादी द्यायला लागला. ताणाचे दिवस लागले तशी यादीतली बरीच नावं करडी झाली, कारण फ्यूज निघाले. मॅडमची त्या करड्या नावांवर चिडचिड चालायची. देवरावजींच्या नावापुढे मात्र हिरवा ठिपका आणि 'सुरळीत'. त्या तो शब्द वाचायच्या, मान डोलवायच्या आणि मग डबी उघडून बडीशेप तोंडात टाकायच्या.

पुढे देवरावजींचा फोन आला तो भर दुपारी. आम्ही जेवत होतो. मॅडमनी नाव बघून फोन स्पीकरवर टाकला. "बोला काकाजी, पेटी पाठवून राहिले काय?"

देवरावजी म्हणाले, "ताई, बाग ओली हाय."

"काय?"

"झाडाच्या बुडाशी ओल हाय. समद्या बागेत. मी घरी नव्हतो ना, बायकोच्या डोळ्याच्या आपरेशनसाठी अमरावतीले होतो. आज आलो तं ठिबकच्या नळ्या गार लागून राहिल्या."

"असं कसं होईन काकाजी? मोटर बंद हाय. मी रोज पाहून राहिले."

"पाहून राहिल्या ना तुम्ही? मंग पाहा बरं," देवरावजी म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की मॅडम बघतील आणि काहीतरी दुसरंच निघेल.

मॅडमनी त्यांना मोटारीचा फ्यूज लगेच काढायला सांगितलं आणि जेवणाचा डबा बाजूला सारून खुर्ची ओढली. मी शेजारी उभा. थोड्याच वेळात सगळं समोर आलं आणि ते इतकं साधं होतं की चीड यावी. डबा बनवणाऱ्या कंपनीनं आपल्या पेटीत सुधारणा केली होती. बघणाऱ्या अवजाराचं नाव तेच ठेवून त्याचं काम वाढवलं होतं. मोटर बरेच दिवस चालली नसेल तर ती बिघडली असावी असं धरून ते अवजार आता तिला चालवून बघायचं, नळ्यांत पाणी नीट भरेपर्यंत, आणि मग 'सुरळीत' असा शेरा द्यायचं. याला त्यांच्या लेखी मोटर चालू करणं म्हणत नव्हते, तपासणी म्हणत होते. म्हणून मोटर चालू झाली की देवरावजींच्या फोनवर जायचा तो संदेशही गेला नव्हता, आणि चालल्याची नोंद नसल्यामुळे दुसऱ्या सकाळी तीच मोटर पुन्हा 'बरेच दिवस न चाललेली' ठरत होती. रोज सकाळी आमच्याकडे यादी आली, रोज सकाळी तिकडे त्या उपाशी झाडांना पाणी मिळालं. ज्यांनी फ्यूज काढले होते त्यांच्या बागा कोरड्या राहिल्या. ताणावरच्या बागेत लाइन चालू ठेवली होती ती एकट्या देवरावजींनी, आणि तीही मॅडमच्या सांगण्यावरून.

मॅडमनी पाहुण्यालाच विचारलं, हे तू मला सांगितलं का नाहीस. त्यानं अत्यंत नम्र उत्तर लिहिलं. अवजाराच्या नव्या माहितीत चाचणीचा उल्लेख आहे, आणि या अवजाराला आपण नेहमीसाठी परवानगी दिलेली असल्यामुळे पुन्हा विचारलं गेलं नाही. मॅडमनी ते वाचलं. मोठ्यानं नाही, मनातल्या मनात. इतक्या वर्षांत त्यांना असं गप्प वाचताना मी पहिल्यांदा बघितलं आणि मला भीती वाटली.

अभिजित सर धावत आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "यात आपली काहीच चूक नाही मॅडम. त्यांनी न सांगता बदल केला. मी आत्ता त्यांना खडसावतो." त्यांनी खडसावलं देखील. त्या कंपनीनं दिलगिरी कळवली आणि सुधारणा मागे घेतली. कागदोपत्री आम्ही स्वच्छ निघालो.

"परमिट कोनाचं होतं सर?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, तसं नका बघू त्याच्याकडे."

"पाळी बदलली का परमिट संपते. माहा बाप एका पाळीच्या वर कोनाले देत नव्हता. मी जलमभराचं देऊन बसली. अन् कोनाले? ज्याची पेटी माही नाही त्याले." त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लगेच काढला. "बघायचंच हाय म्हणून देल्लं."

सर आपल्या टेबलाकडे वळले. 'बघण्यानं काय बिघडतं' हे वाक्य कुणाचं होतं ते त्यांना आठवत असणार. मला तरी आठवत होतं, आणि त्या वेळी वाजवलेल्या माझ्या टाळ्याही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. काय करता येईल ते मॅडम विचारत सुटल्या. फळबागांच्या जाणकारांना फोन केले, प्रत्येकानं वेगळं सांगितलं. कुणी म्हणालं पुन्हा ताण द्या, कुणी म्हणालं आता वेळ गेली, जमीन भारी असेल तर थोडं फूल येईलही, फेब्रुवारीत कळेल. त्या फेब्रुवारीच्या आशेवर त्या राहिल्या. पाहुण्याचं त्यांनी नाव काढलं नाही, त्याला शिव्याही दिल्या नाहीत. टूल सर्व्हरची जोडणी त्यांनी काढून टाकली. पण त्यांचं वाचन बंद पडलं. पडद्यावर काही आलं की त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत बसायच्या. पूर्वी एका झटक्यात करायच्या त्या कामाला अर्धा दिवस लागायचा. एकदा जेवताना अचानक म्हणाल्या, "बाकीचे लोक माह्यावर भरोसा ठेवत नव्हते म्हणून वाचले गा सतीश." मला काहीतरी बोलायचं होतं, पण जे सुचलं ते सगळं खोटं होतं. मी पोळीचा घास चावत राहिलो.

फेब्रुवारीत त्या एका सकाळी म्हणाल्या, "नरखेडले जाऊन येते." मी म्हटलं मीही येतो. त्या नाही म्हणाल्या नाहीत.

एसटीतून उतरून पायवाटेला लागलो आणि वास आला. संत्र्याच्या फुलाचा वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही, सगळी हवा गोड होते. दोन्ही बाजूंच्या बागा पांढऱ्या झाल्या होत्या आणि मधमाश्यांचा नुसता गुंजारव चालला होता. मॅडम झपाझप चालत होत्या. देवरावजींच्या बांधावर पाय ठेवला आणि थांबल्या. समोर बाग हिरवीगार. कोवळी, पोपटी, तुकतुकीत पानं शेंड्याशेंड्याला. अजाण माणसानं ती बघून म्हटलं असतं, काय सुंदर बाग आहे. त्या पहिल्या ओळीत शिरल्या. एका झाडाची फांदी खाली ओढून बघितली, मग दुसऱ्या झाडाची, मग तिसऱ्या. कुठंकुठं एखादी कळी होती. ती दिसली की त्या जरा वेळ तिथं थांबायच्या. दोन ओळी त्यांनी अशा बघितल्या. मी बांधावरच उभा राहिलो, आत जायचं धैर्य झालं नाही.

देवरावजी आले. डोक्यावरची टोपी काढली. "या ताई. उनाचं काहून आले? फोन करायचा ना."

"काकाजी, माह्यामुळं..." मॅडम ओळीतून बाहेर येत म्हणाल्या.

"राहू द्या. झाडाचं काय, पुढच्या बहराले देईन," देवरावजी म्हणाले. "चला, जेवून घ्या."

काकूंनी वडाभात केला होता. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून त्या वाढत होत्या. देवरावजी आग्रह करत होते, काकू वडे कुस्करून वर फोडणीचं तेल घ्या म्हणत होत्या, जणू आम्ही लग्नाला आलो होतो. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मॅडमना दोन घास गेले असते. त्या भात नुसता कालवत राहिल्या.

हात धुऊन बाहेर आल्यावर देवरावजी विहिरीकडे चालू लागले. आम्ही मागोमाग. स्टार्टरच्या खोलीत डबा होता तिथंच होता. त्यांनी त्याच्याकडे बोट केलं आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "ताई, याले काढून न्या. मी काढला असता, पन तुमच्या हातानं लागला होता. तुम्हीच काढा."

मॅडमनी मान डोलावली. पर्समधून पेचकस काढला. आधी मेन बंद केला, मग वायरी सोडवल्या. प्रत्येक वायरीच्या उघड्या टोकाला टेप गुंडाळली आणि ती नीट दाबून पाहिली. स्क्रू एकेक करून काढले. मी हात पुढे केला तर त्यांनी ते माझ्याकडे दिले नाहीत, स्वतःच्या मुठीत ठेवले. भिंतीवर डब्याच्या जागी चुन्याचा स्वच्छ चौकोन राहिला. देवरावजींनी पुढे होऊन स्टार्टरचं हिरवं बटण हातानं दाबलं, मोटर घरघरली, पाणी आल्याचा आवाज झाला आणि त्यांनी ती लगेच बंद केली.

आम्हाला सोडायला ते रस्त्यापर्यंत आले. एसटी दिसली तेव्हा म्हणाले, "तुम्ही येत जा ताई. लेकीसारख्या हाय. डब्बा तेवढा नका आनू."

मॅडम "हो काकाजी" म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

त्या आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली. अभिजित सर घरी जाऊन आले, मीही फोन केले. त्या कोराडीला भावाकडे गेल्याचं कळलं, तिथं काय करतात ते कुणी सांगितलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर आहेत त्या परतीच्या एसटीतल्या मॅडम. माझ्या पुढच्या सीटवर खिडकीशी बसलेल्या, डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर, एका मुठीत अजून ते स्क्रू. गाडी सुटली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या बागा लागल्या आणि फुलांचा वास भसकन आत आला. बसमधल्या दोघातिघांनी मान वळवून बाहेर बघितलं, एक बाई कौतुकानं म्हणाली, "काय बहर आला वं माय यंदा!" मॅडमनी मांडीवरचा डबा एका हातानं सावरला आणि दुसऱ्या हातानं खिडकीची काच ओढून घेतली.